आंबट द्राक्षे कोणी खाल्ली? : प्राचीन हिब्रू धर्मग्रंथातील नीती आणि माणसाचे कर्तृत्व

१९३८ सालच्या जानेवारी महिन्याच्या आरंभी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापूर जिल्ह्याच्या दौऱ्यावर होते. त्या दौऱ्यात सोलापुरातील ख्रिस्ती बांधवांच्या सभेतही त्यांचे भाषण झाले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती आणि बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार याकडे सर्वांचे डोळे लागले होते. धर्मांचा तौलनिक अभ्यास करताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्या मनाचा ठाव घेतला, असे त्यांनी त्या सभेत मोकळेपणाने सांगितले. आणि त्याच सभेत ख्रिस्ती समाजात शिरलेल्या जातिभेदावर नेमके बोटही ठेवले. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलताना आदर सोडायचा नाही आणि परखडपणाही सोडायचा नाही, ही रीत आम्हां सोलापूरकरांना तेव्हापासून घालून मिळाली आहे असे आम्ही समजतो. प्रस्तुत लेखात त्याच रीतीने ज्यू लोकांच्या प्राचीन हिब्रू धर्मग्रंथाकडे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सुज्ञ वाचक विचारतील, बौद्धांच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी? त्याचे कारण आमच्या वर्षावासातील वाचनवर्गात घडले. एका वयस्क उपासिकेने उठून विचारले, "गुरुजी, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले. पण माझ्या नातवाच्या पायात जन्मापासून दोष हाय. शेजारीण म्हणते, मागल्या जन्माचं काहीतरी आसंल. आन् आपलीच माणसं मान डोलावत्यात. त्या लेकरानं काय केलतं?" वर्गात कोणी बोलेना. 'पूर्वजन्मीचे पाप' हे शब्द आपण व्यासपीठावरून खोडतो, पण घरात ते तसेच वावरत असतात, हे त्या दिवशी उघड्यावर आले. हाच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका समाजाने, आपले घरदार गमावल्यावर, अगदी उघडपणे विचारला होता. आईबापांचे, पूर्वजांचे, देवाचे किंवा नशिबाचे ओझे माणसाच्या माथी किती, आणि त्याच्या स्वतःच्या हातात किती? त्या समाजाने आपल्याच ग्रंथाशी यावर कसे भांडण मांडले ते पाहावे, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

ग्रंथ मराठीला परका नाही

हिब्रू धर्मग्रंथ म्हणजे एक पुस्तक नव्हे. आपल्याकडे 'पिटक' म्हणजे टोपली, तशीच ही पुस्तकांची टोपली आहे. ज्यू लोक त्यात २४ पुस्तके मोजतात. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या 'जुन्या करारा'त हीच पुस्तके विभागून ३९ होतात. शेकडो वर्षे हे लेखन होत राहिले. त्यात कायदे आहेत, राजांच्या हकीकती आहेत, गरिबांची बाजू घेऊन ओरडणारे संदेष्टे आहेत, शोकगीते आहेत आणि चक्क प्रेमगीतेही आहेत. म्हणून 'या ग्रंथाची नीती कोणती?' असे विचारले तर एका वाक्यात उत्तर देता येत नाही. जे देतात त्यांनी तो बहुधा अर्धाच वाचलेला असतो.

मराठी मुलुखात हा ग्रंथ केवळ मिशनऱ्यांबरोबर आला असे मात्र नाही. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा, रोहा या भागात बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहत आला. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, अष्टमीचे ते अष्टमकर. त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि ग्रंथ समुद्रात गेले. उरले ते आठवणीत: 'शेमा' ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुटी. ते घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पुढे १८४६ साली मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' हिब्रू-मराठीत छापला गेला. १८७४ साली पुण्यातही तो निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजात कीर्तने होऊ लागली, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने थेट मराठी चालींवर गायिली जाऊ लागली. दुसरीकडे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. ज्या बाईला जन्माने संस्कृत शास्त्रे मिळाली होती तिने उतारवयात हिब्रू शिकावे, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

शनिवारची सुटी : एकच नियम, दोन कारणे

शनिवार तेल्यांच्या बंद घाण्यापासूनच नीतीच्या अभ्यासाला सुरुवात करू. मोशेच्या दहा आज्ञा या ग्रंथात दोन ठिकाणी आल्या आहेत, 'निर्गम' या पुस्तकात आणि 'अनुवाद' या पुस्तकात. (येथे 'अनुवाद' म्हणजे भाषांतर नव्हे, पुन्हा सांगणे.) सातव्या दिवशी काम करायचे नाही, ही आज्ञा दोन्हीकडे आहे. पण कारण वेगळे आहे. पहिल्या ठिकाणी सांगितले आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. दुसऱ्या ठिकाणी सृष्टीचा उल्लेखच नाही. तेथे सांगितले आहे की तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता हे आठवा, आणि म्हणून तुमच्या दास-दासींना, तुमच्या बैलाला, गाढवालासुद्धा विसावा मिळू द्या.

हा फरक आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. पहिले कारण मानायला देवावर श्रद्धा हवी. दुसरे कारण मानायला फक्त आठवण हवी: आपल्या पाठीवर कोणाचा तरी आसूड बसत होता याची. हाच धागा धरून त्या ग्रंथात कितीतरी नियम आले आहेत. शेत कापताना कडेकडेचे पीक सोडावे, सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्याआधी परत द्यावे, कारण तो पांघरणार काय? परक्याला छळू नये, कारण परकेपणाचे दुःख तुम्हांला ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात ज्यांच्या आजीने सरवा वेचला आहे, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम हा सांगितल्याप्रमाणे करायचा असतो, तत्त्व हे समजून वापरायचे असते. आणि जेथे केवळ नियम उरतात तेथे माणसाची जबाबदारी संपते, असा त्यांचा मुद्दा आहे. त्या मापाने पाहिले तर शब्बाथाची पहिली आज्ञा नियमाकडे झुकते आणि दुसरी तत्त्वाकडे. एकाच ग्रंथात दोन्ही आहेत. कोकणातल्या ज्या तेल्याने शनिवारी बैल सोडला, त्याच्या मनात यातले कोणते कारण होते हे आज सांगता येत नाही. बैलाला मात्र विसावा मिळाला.

पण येथे थांबून चालणार नाही. त्याच ग्रंथात इस्राएली गुलामाला सातव्या वर्षी मुक्त करण्याची आज्ञा आहे, आणि परक्या जातीचे गुलाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने ठेवण्याची परवानगी आहे. कनानी लोकांचा समूळ नाश करण्याची आज्ञा आहे. ज्यांना महारोगी ठरवले त्यांनी वस्तीबाहेर राहून आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगायचे, असा नियम आहे. तो वाचताना आमच्या वर्गात गळ्यातल्या मडक्याची आठवण निघाल्याखेरीज राहिली नाही. फरक एवढाच सांगितला पाहिजे की, तेथील अशुद्धी रोगाची होती. रोग बरा झाला की याजकाने तपासून त्या माणसाला परत वस्तीत घ्यायचे असा विधीही पुढच्याच अध्यायात दिला आहे. मनुस्मृतीतील अशुद्धी जन्माची होती, तिला परतीचा अध्याय नव्हता. शिवाय देशी माणसाला व परक्याला कायदा एकच, असे 'लेवीय' या पुस्तकात म्हटले आहे. मनुस्मृतीत गुन्हा एकच असला तरी वर्ण पाहून दंड बदलतो. ज्या कुलाबा जिल्ह्यात शनिवार तेली राहत होते, त्याच जिल्ह्यात महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ती मनुस्मृती जाळण्यात आली.

फारोचे मन कोणी कठीण केले?

आता माणसाच्या कर्तृत्वाकडे वळू. मिसरचा राजा फारो इस्राएली गुलामांना सोडीत नाही आणि त्याच्या देशावर एकामागून एक दहा पीडा येतात, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्या कथेत एक अवघड जागा आहे. फारोचे मन आपण कठीण करू, असे देव मोशेला आधीच सांगतो. मग फारोचा दोष काय? देवानेच मन कठीण करायचे आणि देवानेच शिक्षा द्यायची, हा कुठला न्याय?

कथा बारकाईने वाचली म्हणजे दिसते की, पहिल्या पाच पीडांच्या वेळी फारो स्वतःच मन कठीण करतो किंवा त्याचे मन कठीण राहिले असे म्हटले आहे. देवाने ते कठीण केले असे घडलेले प्रथम येते ते सहाव्या पीडेला. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीज याने यावर उत्तर दिले की, आधी फारोने आपण होऊन अन्याय केला. तो इतका केला की शेवटी वळण्याची शक्ती त्याच्यापासून काढून घेतली गेली, आणि हीच त्याची शिक्षा. देव बाजूला ठेवला तरी या म्हणण्यात अनुभवाचे सत्य आहे. दारू पहिल्यांदा माणूस पितो. पुढचे सोलापूरच्या कुठल्याही वस्तीतल्या बायकांना विचारावे.

त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मात्र कसलाही गुंता नसलेली एक छोटी हकीकत आहे. इस्राएली स्त्रियांना मुलगा झाला तर तो जन्मताच मारून टाका, असा हुकूम फारो दोन सुइणींना देतो. त्यांची नावे शिप्रा आणि पुवा. त्या हुकूम पाळीत नाहीत, आणि राजाने जाब विचारल्यावर बेधडक सबब सांगून मोकळ्या होतात. गंमत अशी की 'निर्गम'च्या या कथेत त्या बलाढ्य फारोचे नाव लेखकाने कोठेही दिलेले नाही; सुइणींची नावे मात्र टिपून ठेवली आहेत. अजून मोशे जन्मलेला नाही, पीडा नाहीत, आज्ञा नाहीत. दोन कष्टकरी बाया आपल्या बुद्धीने 'नाही' म्हणतात, आणि पुढचा सारा इतिहास त्या नाहीवर उभा आहे.

आंबट द्राक्षांची म्हण

दहा आज्ञांमध्येच एक भयंकर वाक्य आहे. त्याचा आशय असा की, बापाच्या अपराधाचे शासन देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना करतो. टोळीचे जीवन होते तेव्हा हे लोकांना स्वाभाविक वाटत असावे. एका छपराखाली तीन-चार पिढ्या राहत; बापाने कर्ज केले की नातू भरतो, हे तर आपणही पाहतो. पण 'अनुवाद' या पुस्तकातील कायदा त्याच्या उलट आहे: मुलाच्या अपराधासाठी बापाला किंवा बापाच्या अपराधासाठी मुलाला देहदंड देऊ नये. अमस्या नावाच्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारले पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही, आणि तसे करताना याच कायद्याचा आधार घेतला, अशी नोंद राजांच्या इतिहासात आहे. म्हणजे मनुष्याच्या न्यायालयात वारशाने येणारा अपराध रद्द झाला. देवाच्या न्यायालयात तो अजून चालूच होता.

पुढे संकट आले. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यरुशलेम घेतले आणि राजा, कारागीर, प्रतिष्ठित लोक यांना पकडून शेकडो कोस दूर नेले. दहा-अकरा वर्षांनी शहर आणि मंदिरही जाळले गेले. या निर्वासितांमध्ये एक म्हण रूढ झाली. तिचा अर्थ असा की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. पाप पूर्वजांनी केले, भोगतो आम्ही. आता आमच्या हातात काय आहे?

या म्हणीला यहेज्केल या संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात उत्तर दिले आहे. तो स्वतः त्या निर्वासितांपैकीच एक. देवाच्या नावाने तो सांगतो की ही म्हण यापुढे कोणी तोंडातून काढायची नाही. मग तो वकिलासारखा तीन पिढ्यांचा दाखला मांडतो. एक माणूस चांगला आहे: कोणाला नाडत नाही, गहाण परत देतो, भुकेल्याला भाकर देतो, व्याज खात नाही, निवाडा खरा करतो. तो जगेल. त्याचा मुलगा या सर्वांच्या उलट वागतो. बापाचे पुण्य त्याला वाचवणार नाही. त्या दुष्टाचा मुलगा बापाचे वागणे पाहतो आणि तसे न वागण्याचे ठरवतो. बापाचे पाप त्याला चिकटणार नाही. इतकेच नव्हे, एकाच माणसाच्या आयुष्यातही दुष्ट माणूस मागे वळला तर त्याचे जुने पाप मोजले जाणार नाही, आणि चांगला माणूस बिघडला तर त्याचे जुने पुण्य कामी येणार नाही. यासाठी हिब्रूत जो शब्द आहे त्याचे मूळ 'वळणे' असे आहे. पश्चात्ताप म्हणजे रडणे नव्हे. पाय दुसऱ्या दिशेला वळवणे. आमच्या वर्गात येथे कोणीतरी अंगुलिमालाचे नाव घेतले, आणि ते योग्यच होते. मात्र भिक्खू झालेल्या अंगुलिमालाला लोकांचे दगड खावेच लागले, हेही सुत्तात आहे. यहेज्केलचा हिशोब त्यापेक्षा मोकळा आहे.

याच यहेज्केलच्या ग्रंथात एक विसंगती राहिली आहे, ती लपवू नये. अठराव्या अध्यायात तो लोकांना सांगतो की तुम्ही स्वतःसाठी नवे हृदय करून घ्या. छत्तिसाव्या अध्यायात देव सांगतो की तुमचे दगडी हृदय काढून मी नवे हृदय देईन. मग करायचे कोणी? माणसाने की देवाने? त्या ग्रंथाने दोन्ही वाक्ये ठेवली, एकही खोडले नाही.

ईयोब, चोखोबा आणि किल्लारी

स्वतःच्या कर्माचे फळ स्वतःला, एवढे म्हटले की प्रश्न सुटला असे कोणाला वाटेल. पण त्यातून दुसरे विष निघते. फळ वाईट दिसले की कर्म वाईट असणारच, असे लोक उलट गणित मांडू लागतात. ईयोबाचे ४२ अध्यायांचे पुस्तक याच उलट्या गणितावर आहे. ईयोब सज्जन, त्याची मुले मरतात, संपत्ती जाते, अंगभर गळवे येतात. तीन मित्र समाचाराला येतात. सात दिवस गप्प बसतात, तोवर ठीक असते. बोलू लागतात आणि घोळ होतो: देव न्यायी आहे, तेव्हा तू काहीतरी पाप केलेच असशील, कबूल कर. ईयोब कबूल करीत नाही. शेवटी देव बोलतो. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाहीच, पण मित्रांना सुनावतो की तुम्ही बरोबर बोलला नाहीत. देवाची वकिली करणाऱ्यांना देवानेच खोटे पाडले, असे धर्मग्रंथात क्वचितच आढळेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. सोलापुरातही लोक घराबाहेर धावले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गेली. आम्ही मदत घेऊन गेलो तेव्हा, पाप वाढले म्हणून धरणी कोपली, असे सांगणारे आम्हांला मातीच्या ढिगाऱ्यापाशीच भेटले. ज्या आईची दोन लेकरे त्या ढिगाऱ्याखाली होती ती ऐकत होती. त्या वेळी आम्हांला ईयोब ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर निदान त्यांना सात दिवस गप्प बसा एवढे तरी सांगितले असते.

याबाबतीत आपल्या बाजूने बोलणाऱ्यालाही सवलत देता येत नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची ती ईश्वरी शिक्षा आहे असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता हे पाप, हे आम्हांला कोणी सांगायला नको. पण त्या पापासाठी बिहारच्या झोपडीतली अस्पृश्याची पोरेही दबून मेली, त्याचे काय? युक्तिवाद आपल्या फायद्याचा असला तरी तो ईयोबाच्या मित्रांचाच होता.

आमच्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली वेठीला लावलेल्या मजुरांबरोबर संत चोखामेळा गेले. त्यांच्या नावावरील एका अभंगात आपला विटाळ हे पूर्वीचे फळ, अशी कबुली येते. इतर अभंगांत तेच चोखोबा विटाळ नाही कोणाला असा सवाल करतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच सरळ जाब विचारतो की आम्हांला असे का जन्माला घातले. बाप आणि मुलगा, एका घरात दोन उत्तरे. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळासंबंधीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांना चोखोबांची कबुली मान्य नव्हती. माणूस आपला होता.

तथागतांचे उत्तर

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तथागतांनी तीन मतांचा परामर्श घेतला आहे. माणसाला जे सुख-दुःख होते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे एक मत. सर्व ईश्वराने निर्माण केल्यामुळे, हे दुसरे. सर्व विनाकारण, हे तिसरे. तिन्हींवर त्यांचा आक्षेप एकच आहे. तसे असेल तर हत्या करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा हाही पूर्वकर्माने, ईश्वराने किंवा योगायोगानेच तसा आहे. मग हे करावे, हे करू नये, या म्हणण्यालाच अर्थ राहत नाही आणि प्रयत्नाची इच्छाही मरते. फारोच्या कथेतली अवघड जागा आणि निर्वासितांची म्हण, दोन्ही या एका सुत्ताच्या टप्प्यात येतात. दुसऱ्या एका सुत्तात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाला तथागत सांगतात की वेदना पित्ताने होतात, कफाने होतात, वाताने, त्यांच्या एकत्र बिघाडाने, ऋतू बदलल्याने, चुकीच्या वागण्याने, बाहेरच्या आघाताने आणि कर्मफळानेही होतात. आठ कारणांत कर्म हे एक. सर्व काही कर्माने, असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जातात.

आमच्या उपासिकेच्या नातवाचे उत्तर येथे आहे. लेकराने काहीही केलेले नाही. त्याच्या पायाची कारणे डॉक्टरांना विचारायची, शेजारणीला नव्हे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. गरिबाच्या दैन्याला त्याचे पूर्वकर्म कारण ठरवण्याचा सिद्धांत समाजाला व राज्याला जबाबदारीतून मोकळे करतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले आहे. यहेज्केलने पूर्वजांचे ओझे काढले, ईयोबाच्या लेखकाने उलटे गणित मोडले. बाबासाहेबांनी पूर्वजन्माचे गाठोडे उचलून ज्याचे त्याच्या, म्हणजे समाजाच्या, दारात ठेवले.

तरी दोन्ही परंपरा एकच सांगतात असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे हा खोटा सौजन्यपणा होईल. हिब्रू ग्रंथात 'जीवन निवड' असे सांगणारा देव आहे आणि निवडीमागे त्याची आज्ञा आहे. माणूस कर्ता आहे, पण तो कोणाला तरी उत्तर देणारा कर्ता आहे. अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो, ईयोब खटला मांडतो; भांडणसुद्धा देवापुढे. बुद्धांनी कर्माची व्याख्या चेतनेवरून केली. तेथे पलीकडे कोणी बसलेला नाही. यातले कोणते माणसाला अधिक जबाबदार करते? देवापुढे उभा असलेला माणूस निदान एकटा नसतो, असे एका सदस्याने वर्गात म्हटले. आमचे मत वेगळे आहे: ज्याच्या तोंडी देवाची आज्ञा, त्याच्या हाती सत्ता, असे पुष्कळदा झाले आहे, आणि कनानी लोकांची गत त्याच वाटेने झाली.

ग्रंथ आणि आचार यांतले अंतर तर कोणालाच चुकलेले नाही. मिसरमधून निघालेल्या गुलामांबरोबर निरनिराळ्या जातींची सरमिसळ मंडळीही निघाली, असे 'निर्गम' सांगतो. रूथ ही मवाबी स्त्री, म्हणजे कायद्याने मंडळीत यायला बंदी असलेल्या लोकांतली; सरवा वेचायला आली आणि दावीद राजाची पणजी झाली. असे असूनही कोकणातल्या बेने इस्रायल समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते व त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. पुढे हेच लोक इस्रायलला गेल्यावर तेथील धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी सुरू केली. त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ साली त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आम्ही हे वाचून हसलो नाही. आमच्या लग्नपत्रिकांत पोटजाती अजून कशा वाचल्या जातात हे आम्हांला माहीत आहे.

मोशेचा अपराध

शेवटी मोशेविषयी. १९४१ साली बाबासाहेबांनी मोशेवर एक इंग्रजी लेख लिहिला होता. गुलामगिरीतून बाहेर काढलेले लोकच वाळवंटात मोशेवर उलटले, मिसरमधले मांस आणि काकड्या-कांदे आठवून रडले, तरी त्याने त्यांना सोडले नाही; ही हकीकत बाबासाहेबांना आपल्या कामात बळ देणारी वाटे. वर्गात हा भाग वाचला तेव्हा गिरणीत हयात घालवलेले एक वृद्ध सदस्य म्हणाले, "कांदा-भाकरीसाठी माघारी फिरणारी माणसं आम्ही संपात बघितलीत. त्यांनाबी लेकरं होती." त्यांच्या या वाक्यानंतर मोशेच्या बाजूनेच सगळे बोलत होते ते जरा थांबले.

चाळीस वर्षांनी ते लोक वचनदत्त देशाच्या सीमेवर आले, पण मोशेला आत जाता आले नाही. नबो डोंगरावरून त्याने तो देश डोळ्यांनी पाहिला आणि तेथेच तो वारला. असे का, याची या ग्रंथात दोन उत्तरे आहेत. 'गणना' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे की पाण्यासाठी खडकाशी बोलायचे सोडून त्याने काठीने दोनदा मारले, विश्वास धरला नाही. म्हणजे अपराध त्याचा स्वतःचा. 'अनुवादा'त मोशे लोकांना सांगतो की देव माझ्यावर कोपला तो तुमच्यामुळे. द्राक्षे कोणी खाल्ली आणि दात कोणाचे आंबले, हा प्रश्न खुद्द मोशेच्या मरणापाशीही मिटलेला नाही.

त्यावर वर्गात तासभर बोलणे झाले. १४ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर १९५६ हे ५३ दिवस प्रत्येकाच्या मनात होते, पण तो उल्लेख कोणी केला नाही. निर्णय झाला नाही. पुढच्या रविवारी 'गणने'चा विसावा अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचायचे ठरले.